मुलकी आणि गैरमुलकी

मागल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर ख्रिस्तमंदिराच्या आवारात आमच्या परिचयाचा एक तरुण भेटला. मराठी कॅथलिक कुटुंबातील हा मुलगा चिक्कडपल्लीत राहतो. घरात खोल्या दोन आणि माणसे सहा, तेव्हा अभ्यासासाठी तो सकाळीच तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन जागा धरतो. सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसणारी असंख्य मुले त्या ग्रंथालयात आणि लगतच्या अशोकनगरात दिवस काढीत असतात, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, परवा चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, बाहेरच्यांनी आमच्या जागा खाल्ल्या. माझ्याकडे पाहूनच म्हणाला. माझे आजोबा इथे जन्मले, मी इथल्याच शाळेत शिकलो. मग मी बाहेरचा कसा?"

कायद्याचे उत्तर सोपे होते, ते आम्ही दिले. संविधानाच्या ३७१-ड या अनुच्छेदाखाली १९७५ साली राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला, आणि तेलंगणासाठी २०१८ साली जो नवा आदेश आला, ते दोन्ही उमेदवाराचे शिक्षण व वास्तव्य कोठे झाले हे पाहतात. त्याची मातृभाषा विचारीत नाहीत, धर्मही विचारीत नाहीत. तेव्हा हा मुलगा निःसंशय इथलाच. तथापि त्याचे समाधान झालेले दिसले नाही, आणि घरी परतताना आमचेही झाले नाही. कारण त्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. "आपला" आणि "परका" हे शब्द माणसे कोणत्या तराजूने तोलतात, असे तो विचारीत होता.

या नगरीत हा तराजू फार जुना आहे. निजामाच्या १९१९ सालच्या फर्मानाने सरकारी नोकरी मुलकी माणसासाठी राखून ठेवली. बाहेरून आलेल्यास पंधरा वर्षे संस्थानात राहिल्यावाचून मुलकी होता येत नसे. तेव्हा मराठवाडा संस्थानातच होता. परिणामी औरंगाबादचा मराठी माणूस मुलकी आणि पुण्याहून आलेला मराठी माणूस गैरमुलकी, असा प्रकार होता. दोघांची भाषा एक, अभंग एक, जेवणाचे ताट एक. परंतु एक आपला आणि एक परका! आपली माणसे कोण, हे रक्तावरून ठरते असे ज्यांस वाटते त्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर बाहेरच्या प्रांतांतून अधिकारी व शिक्षक येथे आणले गेले. स्थानिक तरुणांस नोकऱ्या मिळेनात. काहींनी खोटे मुलकी दाखले मिळविल्याच्या तक्रारी झाल्या. ही तक्रार निराधार नव्हती, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. १९५२ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि सप्टेंबरात सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. "गैरमुलकी परत जा" ही घोषणा तेव्हाचीच. तिच्याच जोडीने "इडली-सांबार परत जा" अशीही घोषणा झाली. नोकरीच्या न्याय्य मागणीला शेजाऱ्याच्या थाळीवरील तिरस्कार किती सहज येऊन चिकटतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्र प्रदेशात आला, आणि हैदराबादेतील मराठी कुटुंबे आपल्या घरात बसल्या बसल्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. तेलंगणाला नोकऱ्यांविषयी जी आश्वासने दिली होती ती पाळली गेली नाहीत, म्हणून १९६९ साली पुन्हा आग भडकली. त्या आगीतून तेलंगणा प्रजा समिती उभी राहिली. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत तिने तेलंगणातील चौदापैकी दहा जागा जिंकल्या. त्याच वर्षी ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. तिचे पुढारी मर्री चेन्ना रेड्डी १९७८ साली अखंड आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. ज्यांची मुले त्या आंदोलनात गेली त्या आयांना या विलीनीकरणाचा अर्थ कोणी समजावून सांगितला असेल काय?

पुढे २९ मार्च १९८२ रोजी नंदमूरि तारक रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष स्थापिला. चिक्कडपल्लीच्या चौकापलीकडील चित्रपटगृहांत ज्यांना राम आणि कृष्ण म्हणून लोकांनी पाहिले होते, ते आता तेलुगू माणसाचा आत्मसन्मान दिल्लीच्या दारात तुडविला जात आहे असे गावोगाव सांगत फिरू लागले. आणि दिल्लीने पाच वर्षांत चार मुख्यमंत्री दिले होते, म्हणून लोकांना ते पटले. नऊ महिन्यांत, जानेवारी १९८३ मध्ये, हा पक्ष सत्तेवर आला. दोन रुपये किलो तांदळाची त्याची योजना गरिबांच्या चुलीपर्यंत पोहोचली, हेही नमूद करणे न्यायाचे होय. लोकांच्या भावनेवर उभा राहिलेला प्रत्येक पक्ष लोकांस फसवितोच, असे आमचे म्हणणे नाही.

त्यानंतर २७ एप्रिल २००१ रोजी तेलंगणा राष्ट्र समिती स्थापन झाली. पाणी, निधी आणि नेमणुका ही तिच्या चळवळीची त्रिसूत्री. २ जून २०१४ रोजी स्वतंत्र राज्य झाले. आता परका गेला होता. राज्य आपले, मंत्री आपले, लोकसेवा आयोग आपला. आणि मार्च २०२३ मध्ये त्याच आयोगाच्या प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघडकीस येऊन परीक्षा रद्द झाल्या. चिक्कडपल्लीच्या ग्रंथालयातील मुलांनी वर्ष वर्ष केलेला अभ्यास वाया गेला. त्या वर्षाच्या अखेरीस मतदारांनी सरकार बदलले. परका गेल्याने दुःख जाईल असे ज्यांस सांगितले होते, त्यांस दुःख परक्याच्या पायाने आलेले नव्हते हे उमजावयास बरीच वर्षे लागली.

वाचकहो, दुसऱ्याच्या घरातील केर दाखविण्यापूर्वी आपलेही अंगण पाहावे. १९ जून १९६६ रोजी मुंबईत शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणास कचेऱ्यांतून डावलले जाते ही तिची तक्रार पुष्कळांना खरी वाटत होती, आणि "मार्मिक" साप्ताहिकाने अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून ती घरोघर पोहोचविली होती. तेव्हा "मद्रासी" या एका शब्दात सारा दक्षिण देश कोंबला गेला. कामाठीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून मुंबईच्या इमारती बांधणारा तेलंगणाचा मजूरही त्याच शब्दाखाली आला. म्हणजे मराठी माणूस मुंबईत ज्याला परका म्हणत होता, त्याचाच भाऊ हैदराबादेत मराठी माणसाला परका म्हणू शकत होता. आम्ही हैदराबादचे मराठी लोक या दोन्ही बाजू एकाच जन्मी पाहिलेले आहोत. मुंबईच्या नातलगांचे पत्र वाचताना छाती फुगवावी आणि दाराबाहेर पडल्यावर मान खाली घालावी, हे कसे शोभेल?

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नव्हे. युरोपातील रुमानियाकडे पाहा. तेथे २०१९ साली "रुमानियनांच्या ऐक्याची आघाडी" नावाचा पक्ष निघाला. २०२० च्या निवडणुकीत त्याला सुमारे नऊ टक्के मते पडली. २०२४ च्या डिसेंबरात ती दुप्पट होऊन अठरा टक्के झाली. नोव्हेंबर २०२४ मधील राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी न्यायालयाने रद्द ठरविली, तेव्हा संतापलेल्या लोकांचा ओघ या पक्षाकडे वळला, आणि ४ मे २०२५ रोजी पक्षाचे पुढारी जॉर्जे सिमिऑन यांनी फेरनिवडणुकीच्या पहिल्या फेरीत सुमारे एकेचाळीस टक्के मते मिळविली. १८ मे रोजी ते पराभूत झाले, परंतु सेहेचाळीस टक्क्यांहून अधिक मतदार त्यांच्या पाठीशी राहिले. ही माणसे वेडी नव्हेत. महागाई, लाचलुचपत, आणि पोटासाठी इटली-स्पेनमध्ये गेलेली लक्षावधी मुले, ही त्यांची दुःखे खरी आहेत. विशेष हे की, त्या पहिल्या फेरीत परदेशांतून आलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सिमिऑन यांचीच होती. जो इटलीत परका म्हणून राबतो, तोच घरच्या परक्याविरुद्ध मत देतो!

रुमानियातील तो परका कोण, हे कॅथलिक वाचकांनी जाणून घ्यावे. तेथील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे आहेत, आणि रोमन कॅथलिकांपैकी पुष्कळ जण हंगेरियन भाषा बोलतात. १ जून २०१९ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी शुमुलेऊ चुक या पवित्र मरियेच्या यात्रास्थळी पावसात जमलेल्या त्या लोकांसाठी मिस्सा अर्पण केला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ६ जूनला, उझ नदीच्या खोऱ्यातील पहिल्या महायुद्धाच्या सैनिकी दफनभूमीत हंगेरियन लोक हातांत हात गुंफून प्रार्थना करीत उभे असता राष्ट्रवादी जमावाने फाटक मोडून आत प्रवेश केला. वाद होता तो मेलेल्यांवर उभारलेल्या क्रुसांचा! त्याच वर्षी जन्मलेल्या या पक्षाने आपले चार आधारस्तंभ घोषित केले : कुटुंब, राष्ट्र, श्रद्धा आणि स्वातंत्र्य.

या चारांत कोणता शब्द आम्हांस प्रिय नाही? म्हणूनच सावध राहावयास हवे. याच देशात १९२७ साली महादूत मिखाएलाचे पवित्र नाव धारण करून एक संघटना निघाली होती, आणि १९४१ च्या जानेवारीत तिच्या अनुयायांनी बुखारेस्टमध्ये ज्यूंची कत्तल केली. आजचा पक्ष म्हणजे ती संघटना नव्हे. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पवित्र नावाने पवित्र कृत्याची हमी मिळत नाही, एवढे तरी त्यावरून शिकावे.

मग ख्रिस्ती माणसाने काय करावे? आपल्या मातीवर प्रेम करू नये काय? अवश्य करावे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालच्या "फ्रातेल्ली तुत्ती" या परिपत्रकात लोकांचा खरा पुढारी आणि लोकांच्या भावनांचा व्यापार करणारा पुढारी यांतील भेद विशद केला आहे. "लोक" हा शब्द टाकून द्यावा असे ते म्हणत नाहीत, तर तो बंदिस्त करू नये असे सांगतात. आम्ही आपल्या अल्पमतीने एक साधी कसोटी सुचवितो. पुढाऱ्याच्या भाषणातून परक्याचे नाव वगळून पाहावे. मागे काही उरते काय? इतक्या शाळा, इतक्या नेमणुका, परीक्षेचा असा चोख बंदोबस्त, असे काही उरत असेल तर ती मागणी न्यायाची आहे; तिच्यासाठी आपणही उभे राहावे. काहीच उरत नसेल तर त्या पुढाऱ्याला आपले दुःख दूर व्हावयास नको आहे, कारण ते त्याचे भांडवल आहे.

आणि आपल्या जेवणाच्या पाटावरही लक्ष असू द्यावे. मुले "परका" हा शब्द सभेत ऐकण्याआधी घरात ऐकतात. इजिप्तमध्ये आपण परके होतो याची आठवण ठेवून परक्याशी वागावे, असे देवाने इस्राएलास बजावले. शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभू येशूने ज्याची गोष्ट सांगितली तो शोमरोनी होता. त्या श्रोत्यांच्या दृष्टीने पक्का गैरमुलकी.

त्या तरुणाची परीक्षा जवळ आली आहे. तो म्हणाला, "काका, माझ्या शेजारच्या खुर्चीवर करीमनगरचा एक मुलगा बसतो. त्याचे वडील शेतमजूर आहेत. आमचे दोघांचे एकच पुस्तक आहे. अर्धा दिवस तो वाचतो, अर्धा दिवस मी." जागा कदाचित एकच असेल, आणि ती दोघांपैकी एकालाच मिळेल. ती गुणांवर मिळावी, पेपर फुटू नये, आणि ज्याला मिळणार नाही त्याने दुसऱ्याला चोर म्हणू नये, अशी आम्ही प्रार्थना करतो. येत्या रविवारी आपल्या मुलांची नावे घेताना वाचकांनी त्या करीमनगरच्या मुलाचीही आठवण ठेवावी, ही विनंती.