षट्कोनी पटावरील आश्चर्यें

मुलांच्या खेळांत नाक खुपसण्याची खोड शिक्षकास सेवानिवृत्तीनंतरही सोडीत नाहीं. गेल्या श्रावणांत जोडून सुट्या आल्या म्हणून आमचा नातू पुण्याहून लातुरास आला होता. दोन दिवस तो संगणकावर ‘सिव्हिलिझेशन’ नांवाच्या खेळांत गढून गेलेला पाहून तिसऱ्या दिवशीं आम्ही चष्मा पुसून त्याच्या शेजारीं जाऊन बसलों.

हा खेळ म्हणजे राज्यें वसविण्याचें एक प्रकारचें बुद्धिबळच होय. तो १९९१ सालीं निघाला, तेव्हां त्याचा पट चौकोनी घरांचा होता. २०१० सालच्या पांचव्या आवृत्तीपासून तो मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी घरांचा झाला. चौकोनांत कोपऱ्यावरील शेजारी बाजूवरील शेजाऱ्यापेक्षां दूर पडतो. षट्कोनांत साही शेजारी समान अंतरावर असतात. हें कारण आम्हांस फार पटलें.

याच पटावर मधूनमधून निसर्गाचीं आश्चर्यें आढळतात. पांचव्या आवृत्तींत जपानचा फुजी पर्वत आहे, अमेरिकेंतील बॅरिंजर विवर आहे. असें एखादें आश्चर्य प्रथम दृष्टीस पडलें कीं राष्ट्राचें सुख वाढतें. त्यापासून तीन घरांच्या आंत नगर वसविलें तर त्या विवरापासून विद्या व सुवर्ण दोन्ही मिळतात. परंतु त्या घरांत नांगर घालतां येत नाहीं कीं खाण खणतां येत नाहीं. जें आहे तें तसेंच राहूं द्यावें आणि शेजारीं राहून त्याचा लाभ घ्यावा, असा तेथील नियम.

आम्हीं सहज म्हटलें, “अरे, असलेंच विवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत लोणारला आहे. तुझें बॅरिंजर सुमारें १२०० मीटर रुंद. आपलें सुमारें १८००. शिवाय उल्केच्या आघातानें काळ्या बेसाल्ट खडकांत पडलेलें असें विवर पृथ्वीवर विरळाच.”

“मग तें ह्यांत कां नाहीं, आजोबा? आणि आपल्या नांदेड-लातूरकडे कांहींच नाहीं कां?”

पहिल्या प्रश्नाचें उत्तर खेळ रचणारांनीं द्यावें. दुसऱ्यानें मात्र आम्ही ओशाळलों. नांदेडास एकोणतीस वर्षें मास्तरकी केली. कालिदासाच्या मेघाबरोबर मुलांना रेवा दाखविली, शिप्रा दाखविली. आणि जिल्ह्याच्या सीमेवरील सहस्रकुंडास एकदांही नेलें नाहीं!

दुसऱ्याच दिवशीं आम्ही आजे-नातू निघालों. पैनगंगा येथें नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते, आणि इस्लापुराजवळ काळ्या खडकांवरून अनेक धारांनीं फुटून खालीं कोसळते. म्हणून हें सहस्रकुंड. उन्हाळ्यांत येथें बहुतेक कोरडा पाषाणच उरतो. नदीच्या वरच्या अंगास इसापुरचें धरण असल्यामुळें येथील पाणी आतां केवळ पर्जन्याच्या हातीं राहिलेलें नाहीं. त्या दिवशीं मात्र तुषारांनीं आमचा चष्मा धूसर झाला आणि एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना. नातू कितीतरी वेळ निमूट उभा होता. मग खडकांच्या खळग्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांकडे त्यानें बोट दाखविलें. परततांना वाटेंत तो एवढेंच म्हणाला, “खेळांत त्या घराला कुणाला हात लावतां येत नाहीं, आजोबा.”

वाचकहो, तेथें नियम संगणक पाळवून घेतो. येथें तो आपणांसच पाळावयाचा आहे. लोणार सरोवरास २०२० सालीं रामसर यादींत स्थान मिळालें, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु शेजारचीं माणसें उदासीन राहिलीं तर यादी तरी काय करणार? आणि जें पाहिलेंच नाहीं त्याविषयीं आस्था तरी कोठून उपजावी? तेव्हां येत्या पावसाळ्यांत घरांतील मुलांना आपल्या जिल्ह्यांतील एखादें आश्चर्य दाखवून आणावें, व परततांना आपला कागदाचा कपटाही तेथें राहूं देऊं नये. आमच्या हातून विद्यार्थ्यांच्या बाबतींत जें राहून गेलें, तें नातवाच्या निमित्तानें थोडेंसें घडलें. पुढच्या सुटींत लोणारास जावयाचें ठरलें आहे.