अंतराळातली चवळी आणि पिशवीवरचा आकडा

श्रीहरिकोटा येथून ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० झेपावले आणि अवघ्या काही दिवसांत, ४ जानेवारी २०२५ रोजी, इस्रोने चवळीला अंकुर फुटल्याची वार्ता दिली. प्रक्षेपकाच्या कक्षेत उरलेल्या चौथ्या टप्प्यावर, एका बंद पेटीत, आठ दाणे ठेवलेले होते. चार दिवसांत ते उगवले. पुढे पानेही दिसली. बंगळुरूहून आलेल्या या बातमीचे देशभर कौतुक झाले, पण ते बहुतेक चवळीच्याच वाट्याला गेले. खरे श्रेय पेटीचे आहे.

पृथ्वीभोवती सुमारे दीड तासात एक फेरी मारणाऱ्या या टप्प्यावर ऊन आणि काळोख दिवसातून सोळा वेळा आलटूनपालटून येतात. अशा जागी दाण्यांना सोसवेल असे तापमान टिकवणे, हेच तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने साधलेले अवघड काम. पाणी आणि प्राणवायू मिळाला तरी तापमान मर्यादेबाहेर गेले की बीज उगवत नाही. प्रत्येक पिकाला एक किमान, एक अनुकूल आणि एक कमाल तापमान असते. किमान मर्यादेखाली विकरे मंदावतात. कमाल मर्यादेपलीकडे प्रथिने बिघडतात, पेशीपटले झिरपू लागतात आणि बाहेर आलेल्या शर्करेवर बुरशी पोसली जाते. गहू चार-पाच अंशांवरही सावकाश उगवतो. चवळीला ऊब हवी.

आठ दाण्यांसाठी एवढी दक्षता घेणाऱ्या देशात सोयाबीनच्या पिशवीवर काय छापलेले असते? उगवणक्षमता किमान ७० टक्के. हा आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो: २५ अंशांच्या स्थिर किंवा २० ते ३० अंशांच्या आलटत्या तापमानात, पुरेशा ओलाव्यात मोजलेला. म्हणजे तीही एक पेटीच. जूनमध्ये मराठवाड्यातल्या शेताला तसली पेटी नसते. कोरड्या उघड्या जमिनीचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला ओलाव्यासाठी दिला जातो. तोच पाऊस जमीन निववतो, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

तापमानाचा घाव पेरणीच्या आधीही बसतो. सोयाबीनचे साल पातळ आणि दाण्यात तेल भरपूर, म्हणून साठवणीत ते लवकर म्हातारे होते. बीजशास्त्रात हॅरिंग्टनचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले की बीजाचे आयुष्य साधारण दुप्पट होते. या हिशेबाने १५ अंशांच्या कोठारातले आणि ३५ अंशांच्या पत्र्याच्या खोलीतले बियाणे यांच्या आयुष्यात सोळापट अंतर पडते. प्रमाणपत्राची मुदत मात्र दोन्हींची सारखीच, नऊ महिने. विदर्भाचा उन्हाळा त्या मुदतीत निमूटपणे सामावून जातो.

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षीचा दोष केवळ उष्णतेचा नव्हता. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसाने बियाणे आधीच खचले होते. निकृष्ट मालाचा आरोप होताच. परंतु खोल पेरले, घाईने पेरले, असे म्हणून शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सोपे गेले, कारण बियाणे किती ताण सोसू शकेल याचा कोणताही आकडा पिशवीवर नव्हता.

तो काढता येतो. सोयाबीनचे दाणे ४१ अंशांवर, जवळपास पूर्ण आर्द्रतेत, ७२ तास ठेवून मग उगवून पाहण्याची जोम-चाचणी जगभर रूढ आहे. नव्या आणि थकलेल्या बियाण्यातला जो फरक २५ अंशांवर लपतो, तो येथे उघडा पडतो. उगवणक्षमतेशेजारी हा दुसरा आकडा आणि साठवणीचे तापमान छापणे बंधनकारक व्हावे. खर्च वाढेल, हा कंपन्यांचा आक्षेप अपेक्षितच. पण दुबार पेरणीचा खर्च आज एकटा शेतकरी सोसतो, हे त्या हिशेबात धरले जात नाही.

तोवर गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरी उगवण तपासण्याची जुनी रीत आहेच. ती चाचणी मार्चमध्ये उरकून न टाकता पेरणीच्या तोंडावर पुन्हा करावी, म्हणजे मधल्या उन्हाळ्याने काय केले ते निदान कळेल.