मावशींची कुंडी आणि पाण्याचा तांब्या



आमच्याच जिन्यावर राहणाऱ्या एका मावशींचा मुलगा लष्करात आहे. मागच्या वर्षी तो दार्जिलिंगकडे होता. सुट्टीवर येताना त्याने कालिम्पाँगच्या रोपवाटिकेतून आईसाठी अझेलियाचे रोप आणले. उत्तराखंडात ज्याला बुरांश म्हणतात आणि नेपाळात गुरांस, त्या ऱ्होडोडेंड्रॉनच्याच जातकुळीतले हे लहान झुडूप. थंड डोंगरातले, कुजक्या पाल्याच्या आंबट मातीत वाढणारे. ते आले आमच्या पुण्याच्या गॅलरीत, सिमेंटच्या कुंडीत.

मे महिना संपताना झाडाने मान टाकली. कोवळी पाने पिवळी पडली. कुणी म्हणाले, दृष्ट लागली. कुणी त्याहून वाईट बोलले. मावशी रात्री आमच्या दारात आल्या. "भाऊ, पोराचा चार दिवस फोन नाही, आन् हे झाड असं वाळत चाललंय. मला काय सुधरंना."

मी म्हणालो, "मावशी, झाडाला तुमच्या पोराची खबर कुठून असणार? त्याचं दुखणं त्याच्या कुंडीतच असणार. सकाळी बघू."

मी वनस्पतीशास्त्र शिकलेलो नाही, बी.कॉम. झालेला कारकून आहे. पण हिशेब जुळत नसला की अंदाजाने आकडे न भरता मूळ व्हाउचर काढून पाहायचे, एवढे ठाऊक आहे. गॅलरीतल्या बागेतही मी तेच करतो.

सकाळी प्रथम मातीत बोट घातले. दोन पेरे खाली चिखल! झाड सुकलेले, माती मात्र ओली. इथेच निम्मे निदान झाले. पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. झाड तहानेने मान टाकते, आपण आणखी पाणी घालतो आणि ते आणखी कुजते. मावशींना विचारले, "पाणी किती घालता?" त्या ओशाळल्या. मुलाची काळजी वाटली की त्या कुंडीत एक तांब्या ओतत होत्या.

मग पाने पाहिली. कोवळे पान पिवळे, पण शिरा हिरव्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण. मातीत लोह नसते असे नव्हे. चुना वाढला की ते झाडाला घेता येत नाही. आमच्या बोअरिंगचे पाणी जड, त्यात कुंडी सिमेंटची. शिवाय मावशींनी मायेने अंड्याची टरफले आणि चुलीची राख घातलेली. गुलाबाला टरफले चालतील, या झाडाला नाही. पानांच्या कडाही करपल्या होत्या. जास्त खताने तसे होते. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटकली. लाल कोळी असते तर कागदावर ठिपके चालताना दिसले असते. तेवढे एक संकट नव्हते.

संध्याकाळी रोप उपसले. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असते. इथली निम्मी मुळे काळी, बोटाने चोळली की साल निघून यावी अशी. स्वच्छ कात्रीने तेवढी कापली. दोनदा धुतलेला नारळाचा भुसा दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग आणि सालीचे तुकडे एक भाग, असे मिश्रण केले. तळाला भोके असलेल्या मातीच्या कुंडीत रोप पूर्वी होते तेवढ्याच खोलीवर लावले. याची मुळे वरवरची असतात, खोल पुरली की गुदमरतात. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा दिली. खत पूर्ण बंद. आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का?

जूनमध्ये पाऊस आला. पहिल्या सरींनी गच्ची धुऊन निघाली, मग पिंप लावले. पावसाच्या पाण्यात चुना नसतो, या झाडाला तेच मानवते. कुंडी मात्र पागोळीखाली ठेवली नाही. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही, असा नियम केला. नवी पालवी दिसल्यावर लिटरभर पाण्यात ग्रॅमभर हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा ओल्या मातीत दिले.

एक सावधगिरी सांगतो. या झाडाची पाने-फुले विषारी असतात. लहान मुलांपासून आणि शेळ्यांपासून दूर ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या दिवशी मुलाचा फोन आला, तो सुखरूप होता. झाड मात्र तसेच मान टाकून उभे होते! मावशी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे याचं दुखणं याचंच व्हतं." झाड सावरायला पुढे तीन महिने लागले. अजून फूल नाही, पण शेंड्यांना हिरवी पाने आहेत.

काळजी वाटली की मावशी आता तांब्या उचलत नाहीत. आधी मातीत बोट घालतात. बोट ओले निघाले तर तांब्या खाली ठेवतात आणि मुलाला फोन लावतात.