दुखणं म्हशीला, औषध पखालीला!

थर्ड इयरला आय. सी. इंजिनला बरे मार्क पडले की आपल्याला वाटतं, गाडीतलं आता सगळं कळलं. मलाही तसंच वाटलं होतं. त्या गैरसमजाची किंमत माझ्या मामांनी मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

मामांची टर्बो डिझेल पिकअप आहे. हापूसच्या सीझनला रत्नागिरीत पेट्या भरायच्या, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि पहाटे कोल्हापूरचं मार्केट गाठायचं, हा त्यांचा धंदा. ऐन एप्रिलात गाडीला घाटात दम लागायला लागला. पिकअप नाही, मागे काळा धूर. गॅरेजवाल्याने इंटरकूलरचा होस काढला, आत बोट फिरवलं, बोटाला ऑईल लागलं. निकाल जाहीर: "टर्बो गेला!" मामांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे, तू इंजिनीअर होणार ना? खरं काय?" मी एकही गोष्ट न तपासता मान डोलावली. नवा टर्बो बसला, सीझनची निम्मी कमाई त्यात गेली, आणि गाडी घाटात होती तशीच!

शेवटी दुसऱ्या गॅरेजमधल्या एका वयस्कर फिटरने काय केलं? टर्बोचं हवा घेणारं तोंड बंद करून त्यातून अर्धा बार हवा सोडली आणि सगळ्या जॉईंटवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या खालच्या होसला क्लॅम्पखाली चीर होती, तिथे बुडबुडे आले. टर्बोच्या किमतीपुढे त्या होसची किंमत म्हणजे चहापाणी.

आता मुद्दा असा, की होसमध्ये ऑईल आलं कुठून? इंजिनात पिस्टन रिंगच्या कडेने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये येतोच. तो ब्रीदर पाईपने परत टर्बोच्या तोंडाशी सोडलेला असतो आणि सोबत ऑईलची वाफ नेतो. त्यामुळे होसच्या आत ऑईलचा पातळ थर असणं हा रोग नव्हे! उलट तेच ऑईल चिरेतून बाहेर झिरपतं, त्यावर धूळ बसते आणि काळा चिकट डाग पडतो. म्हणजे ज्या ऑईलला आम्ही आरोपी केलं, तेच खरं तर साक्षीदार होतं. डाग नेमका लीकच्या जागी होता, पण बाहेरून बघतो कोण?

थराऐवजी ऑईल साचलेलं असेल, तर मात्र गोष्ट गंभीर. ते जास्त झालं तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. पण तेव्हाही दोष टर्बोचाच असतो असं नाही. टर्बोच्या शाफ्टचं सील आपल्या पंपाच्या रबरी सीलसारखं नसतं. तिथे पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, आणि ऑईल आत राहतं ते दाबाच्या समतोलामुळे. एअर फिल्टर चोंदला, ऑईल परत नेणारा पाईप तुंबला किंवा इंजिन 'बॅक' मारायला लागलं, की चांगला टर्बोसुद्धा ऑईल टाकतो. कारण न शोधता नवा बसवलात, तर तोही टाकणार! शाफ्टला हात लावून बघा (इंजिन बंद आणि थंड असताना!). चाक बाजूच्या भिंतीला घासत असेल, तर टर्बोबद्दल बोला.

बूस्ट कमी असण्याचंही तसंच. लीक, उघडाच राहिलेला वेस्टगेट, अडकलेला ई.जी.आर. व्हॉल्व्ह, काजळीने भरलेला मॅनिफोल्ड असे संशयित बरेच. आणि स्कॅनर लावलात तरी डोकं चालवावं लागतं. आमच्या गॅरेजवाल्याने स्कॅनरवर १ बार दाखवला आणि मी म्हटलं, "बूस्ट येतोय की थोडा!" अहो, तो निरपेक्ष दाब! इंजिन बंद असतानाही रत्नागिरीत तो १ बारच दिसणार, आणि साडेपाचशे मीटर उंचीवरच्या कोल्हापुरात साधारण ०.९५. म्हणजे बूस्ट शून्य होता. गेज आणि ॲब्सोल्यूट प्रेशरमधला फरक मी सेकंड इयरच्या पेपरात सुंदर अक्षरात लिहिला होता...

दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. आपणही तेच शिकतोय. प्रॅक्टिकलला इंजिनाचा कट सेक्शन बघायचा, मागच्या बॅचची जर्नल उतरवायची, व्हायवात 'टर्बोचे फायदे' म्हणून दाखवायचे. बिघडलेलं इंजिन समोर ठेवून "शोध" असं आपल्याला कोणी म्हणत नाही आणि आपणही मागत नाही. माझं स्पष्ट मत आहे, दर सेमिस्टरला निदान एक प्रॅक्टिकल असं हवं, की सरांनी मुद्दाम बिघाड करून ठेवावा आणि मार्क उत्तराला नव्हे, तपासणीच्या क्रमाला द्यावेत. आधी नजर, मग माप, शेवटी पाना. आता तर छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो येतात, म्हणजे असे मामा वाढणारच आहेत.

माझे मामा मला काही बोलले नाहीत. फक्त काढलेला जुना टर्बो घरी आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी शाफ्ट हलवून बघितला. ठणठणीत आहे!