बोटात अंगठी, बांधी गहाण!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ऋण काढून सण करू नये ही म्हण आपल्या घरोघरी पाठ आहे. परंतु तुळशीचे लग्न आटोपले, धान खळ्यावर आले, आणि सोयरीकीची बोलणी सुरू झाली, की हीच म्हण आपण खुंटीला टांगून ठेवतो! लग्नाच्या उधळपट्टीवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले. मांडव, वाजंत्री, जेवणावळी यांविषयी आज आम्ही लिहीत नाही. आजचा आमचा विषय अगदी लहान, बोटाच्या एका पेराएवढा आहे. तो म्हणजे साक्षगंधाची अंगठी. वस्तू लहान म्हणून तिचा घाव लहान, असे कोणी समजू नये. विंचूही लहानच असतो.

मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, जेथून गोंदियाचा रस्ता फुटतो, तेथे आमचे कोहमारा आहे. त्याच्या आसपासच्या एका खेड्यात आम्ही एका साक्षगंधास गेलो होतो. मुलीचा बाप तीन एकरांचा धनी. वरपक्षाची मंडळी शिकलेली, बोलण्यात मोठी गोड. पोराचा बाप म्हणाला, "भाऊ, आम्हाला हुंडा नको. आम्ही सुधारलेली माणसे. फक्त पोराच्या बोटात पाच ग्रॅमची अंगठी तेवढी घाला, म्हणजे चारचौघांत शोभेल." बैठकीने माना डोलावल्या. हुंडा नको म्हणणारा सोयरा मिळाला म्हणून मुलीच्या बापाचे लोकांनी अभिनंदनही केले!

त्या बापाने पुढे काय केले ते ऐका. आधारभूत केंद्रावर धान दिले तर चुकारे हाती पडेपर्यंत थांबावे लागते, आणि साक्षगंधाची तारीख तर ठरलेली. म्हणून त्याने धान खाजगी व्यापाऱ्यास पडेल भावाने घातले. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा घरधनिणीची बोरमाळ गहाण ठेवली. म्हणजे आईच्या गळ्यातले सोने उतरले, तेव्हा जावयाच्या बोटात सोने चढले! बैठकीत टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. ती माउली मागे भिंतीशी उभी राहून लुगड्याच्या पदराने मोकळा गळा झाकीत होती. हे ज्याने पाहिले त्याने हुंडा पाहिला नाही, असे कोण म्हणेल?

आता भावनेची गोष्ट बाजूला ठेवू आणि हिशेबाची गोष्ट करू. शेतकऱ्याने सोन्याचा भाव रुपयांत मोजूच नये, धानात मोजावा. २००० साली दहा ग्रॅम सोने साडेचार हजार रुपयांच्या आतबाहेर होते आणि साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला ५१० रुपये होती. म्हणजे नऊएक क्विंटल धानात आजच्या बोलीतला एक तोळा येई. २०२५ साली सोने दहा ग्रॅमला एक लाखाच्या वर गेले, आणि २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानास सरकारने क्विंटलला २,३६९ रुपये ठरविले. भाव लाखाचाच धरला तरी त्याच तोळ्यास आता बेचाळीस क्विंटल धान लागते! भाव त्याहून चढा असेल, तर हिशेब त्याहून वाईट. धान साडेचार पटीने वाढले, सोने बावीस पटीने वाढले. पण आमच्या बैठकीतला "पाच ग्रॅम" हा आकडा मात्र होता तेथेच राहिला.

त्या पाच ग्रॅमच्या अंगठीचाच हिशेब पुरा करू. २२ कॅरेटच्या पाच ग्रॅममध्ये शुद्ध सोने भरते ४.५८ ग्रॅम, त्याचे ४५,८०० रुपये. घडणावळ शेकडा बारा धरली, तर साडेपाच हजार. त्यावर ३ टक्के कर. एकूण झाले ५२,८०० रुपये, म्हणजे बावीस क्विंटल धान! एकरी पंधरा क्विंटल पिकले असे म्हटले, तर दीड एकराचे सारे पीक त्या बोटावर बसले. त्यातून नांगरटी, रोवणीची मजुरी, खत, औषध, कापणी काहीच वजा केलेले नाही. चिखलात कंबर मोडेपर्यंत ज्या बायांनी रोवणी केली, त्यांच्या मजुरीचा विचार आपण अंगठीचा खडा निवडताना करतो काय?

कोणी म्हणेल, "ही तर पूर्वापार चाल आहे, मोडावी कशी?" बाबांनो, चालीचे नावच उघडून पाहा. पुणे-साताऱ्याकडे साखरपुडा म्हणतात. त्यात साखर आहे, पुडा आहे. आपल्या वऱ्हाड-झाडीत साक्षगंध म्हणतात. त्यात साक्ष आहे, गंध आहे. अंगठी कोठे आहे? चार पंच साक्षीला बसले, मुलीच्या कपाळी गंध-कुंकू लागले, सुपारी फुटली, तोंड गोड झाले, की शब्द पक्का. शब्दाला सोन्याचे वजन लागत नसे, कारण शब्दालाच वजन होते. आज शब्द हलका झाला म्हणून अंगठी जड करावी लागते, असेच म्हणावयाचे काय?

आणि पोराच्या बापाने मागणे ही तरी आपली चाल आहे काय? कष्टकरी जातींत पूर्वी बहुतकरून देज असे; वरपक्ष मुलीच्या बापास देई. गोंड बांधवांत तर लमसेना म्हणून पोरगा सासऱ्याच्या घरी राही व शेतात राबून आपली बायको मिळवी. देजाचे गोडवे आम्ही गात नाही. मुलीची किंमत घेणे आणि मुलाची किंमत घेणे, दोन्ही बाजारच. परंतु हातात कसब असलेली, शेतात राबणारी मुलगी ही घराची भर आहे, भार नव्हे, एवढे तरी आपले अडाणी आजे-पणजे जाणत होते. हुंड्याची हौस आपण पांढरपेशांकडून उसनी आणली, आणि उसनी आणलेली वस्तू मूळ मालकापेक्षा अधिक मिरविली!

ती हिऱ्याची अंगठी कोठून आली, तेही सांगतो. दक्षिण आफ्रिकेत १८६७ सालानंतर हिऱ्यांच्या खाणी निघाल्या. १८८८ साली डी बिअर्स कंपनी उभी राहिली व तिने हिऱ्याचा व्यापार मुठीत धरला. माल पुष्कळ, गिऱ्हाईक थोडे. तेव्हा १९३८ साली कंपनीने अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांना हाताशी धरले. हिरा चिरकाल टिकतो, म्हणून प्रेमाची खूण हिराच, हे घोषवाक्य १९४७ साली तेथे जन्मले. पुढे तर कंपनीच्या जाहिराती नवरदेवास शिकवू लागल्या, की दोन महिन्यांचा पगार अंगठीत घाल! म्हणजे ज्याला आपली पोरे "फॅशन" म्हणतात, ती एका दुकानदाराची शिकवणी आहे. ज्याला महिन्याचा पगारच नाही, ज्याचा पगार वर्षातून एकदा आभाळाकडे पाहून ठरतो, त्याने ही शिकवणी कशाला घ्यावी?

उलट जुन्या जगाकडे पाहा. रोममध्ये प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की वाग्दत्त वधूस लोखंडाची अंगठी पाठवितात आणि तीही बिनखड्याची. ज्या रोमने अर्धे जग जिंकले, त्याच्या लेकींना लोखंड चालत होते! मुसलमान बांधवांत नवऱ्याने बायकोस मेहर द्यावयाचा असतो. एका गरीब माणसास प्रेषितांनी, काही नसेल तर लोखंडाची अंगठी तरी शोधून आण, असे सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. इंग्लंडातल्या प्युरिटन लोकांनी सतराव्या शतकात लग्नाच्या अंगठीलाच हरकत घेतली होती. आपल्याच शेजारी बौद्ध घरांत त्रिसरण-पंचशील म्हणून, फुलांचे हार घालून लग्न लागते. आणि आपल्या बहुजनांत १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी भटजीवाचून व खर्चावाचून लग्न लावून दाखविले. ती लग्ने काय टिकली नाहीत? संसार टिकतो तो दोघांच्या समजुतीवर, सोनाराच्या काट्यावर नव्हे.

आता कायद्याचे ऐका. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. लग्नाच्या संबंधाने, लग्नाआधी, लग्नात वा लग्नानंतर, जी मौल्यवान वस्तू दिली वा द्यावयाची कबूल केली, ती हुंडा. नुसते मागणे हासुद्धा गुन्हा आहे व त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. न मागता, राजीखुशीने दिलेली भेट चालते. पण तिची यादी करून ठेवावी लागते, आणि मुलीकडून वरास दिलेली भेट देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरची असू नये, असे कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे "फक्त पाच ग्रॅम" म्हणणारा तो गोड सोयरा कायद्याच्या दृष्टीने कोण, हे वाचकांनीच ठरवावे. मागितलेली अंगठी ही अंगठी नव्हे, तो गोल केलेला हुंडा होय!

"मग अंगठी घालूच नये काय?" असे आमच्या मुली विचारतील. घाला, अवश्य घाला. हौसेला आमचा विरोध नाही, जुलमाला आहे. आमचे म्हणणे एवढेच, की वजन बैठकीने ठरवू नये, घरातल्या शिलकीने ठरवावे. कर्ज न काढता, गहाण न ठेवता, बियाण्याचे पैसे न मोडता जी येते ती अंगठी चांगली. मग ती दोन ग्रॅमचे साधे वेढणे असो की चांदीचा छल्ला असो. दोन ग्रॅमची अंगठीसुद्धा वरच्याच हिशेबाने एकवीस हजारांना, म्हणजे नऊ क्विंटल धानाला पडते, हे विसरू नका. दोन्हीकडच्या अंगठ्या सारख्या वजनाच्या असाव्यात, आणि ज्याने त्याने आपल्या कमाईतून आणाव्यात. मुलगा-मुलगी मिळून दुकानात जावीत. ज्यांना उभा जन्म एका चुलीवर काढावयाचा आहे, त्यांनी पहिला हिशेब एकत्र बसून करावा, यात लाज कसली?

दुकानात शिरताना डोळे उघडे ठेवा. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६, १८ कॅरेटवर ७५० असा कसाचा आकडा असतो. हॉलमार्कची सक्ती २०२१ सालापासून जिल्ह्याजिल्ह्याने लागू होत गेली, व १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी क्रमांकही लागतो. तो मोबाईलवर तपासता येतो. पण दोन ग्रॅमच्या आतील वस्तूस ही सक्ती नाही, आणि गरिबाची अंगठी नेमकी तेवढीच असते! म्हणून तेथे कस लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. खड्याची अंगठी असेल, तर खड्याचे वजन वजा करून सोन्याचे निव्वळ वजन बिलात लिहून घ्या. नाहीतर काचेचे पैसे सोन्याच्या भावाने जातील. घडणावळ किती, तेही आधी विचारा.

"सोने म्हणजे ठेव आहे, अडीअडचणीस कामी येते," असे म्हातारी माणसे म्हणतात. खरे आहे. परंतु वरच्या हिशेबात घडणावळ व कर मिळून सात हजार रुपये, म्हणजे तीन क्विंटल धान, दुकानाची पायरी उतरताच गेले. मोडीत फक्त सोन्याचे पैसे येतात, आणि हिऱ्याचे तर फारच थोडे. ठेवच करावयाची तर मुलीच्या अंगावर, बिनखड्याची, तिच्या नावच्या बिलाची करा. जावयाच्या बोटातले सोने ही मुलीच्या बापाची ठेव कशी होणार? आणि व्याज मात्र बोरमाळेवर चालूच!

आमच्या सोनार बांधवांनी रागावू नये. तेही आपल्यासारखेच कारागीर आहेत. मोठ्या शहरांतल्या झगमगीत पेढ्यांनी त्यांचे काम ओढून नेले, हे दुःख आम्ही जाणतो. गावच्या सोनाराकडून साधे, चोख वेढणे घडवून घेतले, तर घडणावळीचे चार पैसे गावातच राहतील. पण त्यांनीही कस व वजन लिहून द्यावे, म्हणजे गिऱ्हाईक पेढीकडे धावणार नाही.

शेवटी राहिला तो "लोक काय म्हणतील" हा बागुलबुवा. लोक साक्षगंधात जेवून, हात धुऊन घरी जातात. आषाढात बियाण्याला पैसे नसतात तेव्हा ते लोक येत नाहीत, आणि गहाण सोडविण्याची मुदत भरते तेव्हाही येत नाहीत. तेव्हा कोहमाऱ्याच्या व आसपासच्या गावांतल्या जाणत्यांनी येत्या हंगामापूर्वी एकत्र बसावे आणि ठरवावे, की बैठकीत अंगठीचे वजन कोणी बोलणार नाही, आणि बोलला तर त्याची सुपारी फुटणार नाही. आणि लग्नाच्या मुलांनो, सर्वांत मोठा अधिकार तुमचाच आहे. बैठकीत उठून एवढेच म्हणा: "बाबा, मला सासऱ्याच्या घामाची अंगठी नको." हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याच्या रिकाम्या बोटाकडे आमच्या लेकी अभिमानाने पाहतील.