१ एप्रिलचा हट्ट

डिसेंबर उजाडला की ईआरपी विकणाऱ्यांचे फोन वाढतात. कोटेशनच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: 'गो-लाइव्ह १ एप्रिल'. मालकाला ती पटते, सीएला पटते, विक्रेत्याचे तर टार्गेटच तिच्यावर बसलेले असते. कारखान्यात या तारखेने पोटात गोळा येणारा माणूस एकच, स्टोअरकीपर. आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

मार्चअखेर स्टोअरमध्ये काय चालते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. रात्री दोनपर्यंत गाड्या भरल्या जातात, 'एन्ट्री उद्या करू' म्हणत माल गेटबाहेर पडतो, रिजेक्शनचे क्रेट जागा मिळेल तिथे सरकवले जातात. त्यातच ३१ मार्चची स्टॉकमोजणी. ती ताळेबंदापुरती चालून जाते. पण तीच एक्सेल शीट दुसऱ्या दिवशी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनिंग स्टॉक म्हणून चढवली, की पंधरा दिवसांत पर्चेसवाला स्क्रीन बघायचे सोडून पुन्हा स्टोअरला फोन करू लागतो. तिथून ईआरपीचा उपयोग फक्त बिल छापण्यापुरता उरतो.

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचे १९९९ सालचे उदाहरण या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. सुमारे ११ कोटी डॉलरचा प्रकल्प, एप्रिलमध्ये सुरू व्हायचा तो जुलैवर गेला आणि हॅलोविनच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच आल्या. माल गोदामात होता, पण दुकानांपर्यंत पोचेना. १० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डरी अडकल्या. त्यांचा जुलै म्हणजे आपला मार्च. प्रत्येकाने आपापला मार्च ओळखावा. मिठाईचे खोके बनवणाऱ्याचा तो दिवाळीआधी येतो.

आमचे मत असे की लहान-मध्यम इंजिनिअरिंग कारखान्याने ईआरपीची सुरुवात स्टोअरपासून करावी, ती कामाचा जोर कमी असेल त्या महिन्यात करावी, आणि हिशेब त्या वर्षापुरते टॅलीतच राहू द्यावेत. अकाउंट्सवाले कुरकुरतील, कारण काही महिने खरेदीची नोंद दोनदा होणार. त्यांची तक्रार खरी आहे. तरीही हा त्रास परवडतो.

कारण अडचण नेहमी आयटम मास्टरमध्ये आणि बिल ऑफ मटेरियलमध्ये निघते. ४० मिमीचा ईएन८ बार घ्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ या आपल्या रोजच्या हिशेबाने मीटरला ९.८८ किलो. खरेदी किलोत, स्टोअरमधून इश्यू नगात, कटिंगला हिशेब मिलिमीटरमध्ये. ड्रॉइंगवर तुकडा १४५ मिमी, म्हणून ऑफिसात बसलेल्या मुलाने बिल ऑफ मटेरियलमध्ये १४५ टाकले. सहा मीटरच्या बारमधून ४० तुकडे निघाले. स्क्रीन म्हणते २०० मिमी शिल्लक. प्रत्यक्षात दर कापाला २ मिमी ब्लेडने खाल्ले, म्हणजे ८० मिमी गेले, आणि उरलेला १२० मिमीचा तुकडा स्क्रॅपच्या ड्रममध्ये पडला. बारमागे सुमारे दोन किलो. शंभर बार कापले की जवळपास २०० किलो माल सिस्टिममध्ये आहे आणि रॅकवर नाही. मग मालकाला चोरीचा संशय येतो, बिचाऱ्या स्टोअरकीपरची चौकशी लागते, आणि ब्लेडची जाडी कोणी विचारत नाही. कटिंगच्या सुपरवायझरला पाच मिनिटे समोर बसवले असते तर हा आकडा पहिल्याच दिवशी मिळाला असता.

जॉबवर्कचेही तेच. प्लेटिंगला ५०० नग गेले, ४८८ आले, १२ 'पुढच्या खेपेला देतो' असे तोंडी ठरले. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार हा माल वर्षाच्या आत परत यायला हवा. नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरले जाते. ते १२ नग चलनावर उघडे दिसायला हवेत, कच्च्या वहीत नव्हे.

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले आणि अनेकांनी घाईने सॉफ्टवेअर घेतले. परिणाम असा, की विक्रीची बाजू संगणकावर आणि स्टोअर मात्र वहीतच. त्याच वर्षी १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले. 'मागच्या तारखेने जुळवून टाकू' हा आपला जुना रामबाण तिथे आता ऑडिटरला दिसतो.

कोणते सॉफ्टवेअर, हा प्रश्न आम्हाला दुय्यम वाटतो. मुंबईत जन्मलेले ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोताचे आहे, परवान्याचे पैसे वाचतात. पण एकच बोल्ट 'एम१२ हेक्स', 'बोल्ट १२ एमएम' आणि '१२ चा बोल्ट लांब' अशा तीन नावांनी मास्टरमध्ये बसला असेल तर तो निस्तरून द्यायचे काम कोणत्याही परवान्यात येत नाही. 'आमची पद्धत वेगळी आहे, सॉफ्टवेअरच बदलून द्या' हा आग्रहही आवरावा. जर्मनीच्या लिड्लने २०१८ मध्ये सात वर्षांचा एसएपी प्रकल्प गुंडाळला तेव्हा सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. मालाची किंमत खरेदीदराने धरायची त्यांची पद्धत होती, सॉफ्टवेअर विक्रीदर धरत होते, आणि पद्धत सोडायची तयारी नव्हती.

तेव्हा विक्रेत्याला तारीख देण्याआधी एवढे करा. मास्टर स्टोअरकीपर आणि कटिंग सुपरवायझर यांच्याकडून तपासून घ्या, नव्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडून नको. दर शनिवारी एक रॅक निवडून मोजा. कोणता, ते सकाळपर्यंत कोणाला सांगू नका. सलग चार शनिवार वही आणि रॅक जुळले, की मग फोन करा. एखादा शनिवार चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.