मोकळं केव्हा, बंद केव्हा

गेल्या पावसाळ्यातली एक केस अजून मनातून जात नाही. चार वर्षांचा, साडेपाच किलोचा मिनिएचर डॅशहंड. सकाळपासून सोफ्याखाली जाऊन बसलेला, उचलायला हात घातला की ओरडायचा, पाठ वर काढून चालायचा. चारही पाय नीट पडत होते. पाठीवर बोटं दाबत गेले तेव्हा कमरेच्या वरच्या भागात तो ताठ झाला. इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि "थोडा आराम द्या" असं सांगून पुढच्या पेशंटकडे वळले. दुसऱ्या दिवशी फोन आला, एकदम छान आहे, खेळतोय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. तो नेहमीसारखा दिवाणावरून उडी मारून दाराकडे धावला आणि अर्ध्या वाटेत मागचे पाय पसरून खाली बसला.

त्या घरातल्या कुणाचीही यात चूक नव्हती. "थोडा आराम" म्हणजे नेमकं काय, हे मी सांगितलंच नव्हतं. वेदना थांबली म्हणून कुत्रा धावला. मणक्यांमधली गादी मात्र तशीच फाटलेली होती.

तेव्हापासून एक गोष्ट मला सतत दिसते. डॅशहंडच्या बाबतीत आपण सगळे मिळून उलटा कारभार करतो. धडधाकट कुत्र्याला पाठीच्या भीतीने जन्मभर मांडीवर ठेवायला सांगतो, आणि ज्या दिवशी त्याला खरोखर बंद ठेवायला हवं त्या दिवशी गोळी देऊन मोकळा सोडतो.

हा कुत्रा मुळात मांडीवरचा नाही. जर्मन भाषेत डाक्स म्हणजे बॅजर, जमिनीत बीळ करून राहणारा जबड्याचा जोरदार प्राणी, आणि हुंट म्हणजे कुत्रा. जर्मनीतले शिकारी त्याला टेकेल म्हणतात. तिथली त्यांची संघटना, डॉइचर टेकेलक्लुब, १८८८ पासून आहे. मोठ्या आकाराचा टेकेल बॅजरच्या मागे जायचा, तर लहान आकार सशाच्या बिळात शिरण्यासाठी तयार झाला. म्हणूनच युरोपात त्याचा आकार अजूनही छातीच्या घेराने ठरवतात. पंधरा महिन्यांचा झाल्यावर टेप लावून मोजतात, कारण बिळात वजन नाही, छाती अडकते. अमेरिकेत मात्र वजन बघतात: वर्षाच्या कुत्र्याचं अकरा पौंड, म्हणजे सुमारे पाच किलो किंवा त्याहून कमी. आपल्याकडे "मिनी" म्हणून घेतलेलं पिल्लू वर्षभरात आठ किलोंवर गेल्याचं तुम्हीही पाहिलं असेल. तेव्हा पहिल्या लसीला आलेल्या कुटुंबाला आकाराबद्दल कुठलंही वचन देऊ नये.

बिळात मालक बरोबर नसतो. काय करायचं ते कुत्र्याला एकट्याने ठरवावं लागतं, आणि आपण कुठे आहोत हे वर उभ्या असलेल्या माणसाला कळावं म्हणून खणखणीत भुंकावं लागतं. फ्लॅटमध्ये ज्याला आपण हट्ट आणि कटकट म्हणतो ते हेच. पालकांना हे समजावून सांगितलं की त्यांचा अर्धा राग जातो. एक मात्र आपण लक्षात ठेवायचं. एरवी शहाणा असलेला डॅशहंड टेबलावर ठेवताना अचानक चावायला आला, तर स्वभावाची नोंद करण्याआधी पाठ आणि मान तपासायची.

आता पाठीकडे. आखूड पाय आणि कमकुवत गादी या दोन गोष्टी या कुत्र्यात हातात हात घालून येतात. एफजीएफ ४ या जनुकाच्या जादा प्रती त्याला कारण आहेत. अठराव्या गुणसूत्रावरची प्रत २००९ मध्ये सापडली, ती पाय आखूड करते. बाराव्यावरची २०१७ मध्ये सापडली. तीही पाय आखूड करते, पण सोबत मणक्यांमधल्या गाद्या अकाली म्हाताऱ्या करते. एरवी जेलीसारखा असणारा गाभा वर्षाच्या आतच कूर्चेसारखा होऊ लागतो, पुढे त्यात चुना साठतो. असा खडबडीत गाभा एक दिवस वरच्या बाजूने फुटून मज्जारज्जूवर आदळतो. छातीचे शेवटचे आणि कमरेचे पहिले मणके जिथे भेटतात तिथे हे सर्वांत जास्त घडतं, बहुधा तीन ते सात वर्षांच्या वयात. साधारण पाचातल्या एका डॅशहंडला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

उडी मारली म्हणून गादी फुटली, असं पालक म्हणतात आणि स्वतःला दोष देत बसतात. त्यांना सांगा की ती गादी पिल्लूपणापासूनच बिघडत होती, उडी हे फक्त निमित्त. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक डॅशहंडांच्या पालकांकडून माहिती गोळा करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज चांगलं फिरवल्या जाणाऱ्या कुत्र्यांत गादीचा त्रास कमी आढळला. फर्निचरवर चढ-उतार करू दिलेल्या कुत्र्यांतही तो कमीच होता. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना घरचे उड्या मारू देत नाहीत, त्यामुळे हा आकडा थोडा फसवा असू शकतो. म्हणून मी काही कुणाला सोफ्यावरून उड्या मारायला लावा असं सांगणार नाही. पण सुदृढ कुत्र्याला कडेवर घेऊन जिने उतरवणं आणि सोसायटीच्या बाकावर बसवून परत आणणं, याला फिरवणं म्हणता येत नाही. त्याला रोज पायी चालू द्या, माती उकरू द्या. पाठीचे स्नायू घट्ट होतात ते त्यानेच.

गुळगुळीत टाइल्सवर मात्र जाड सतरंजी किंवा रबरी मॅट हवी आणि नखं वेळच्या वेळी कापलेली हवीत. गळ्यात पट्टा असू द्या, पण साखळी हार्नेसला. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली. हे सगळं दाखवायला दोन मिनिटं लागतात.

वजनासाठी मात्र मी वेळ घालवते. पाच किलोच्या कुत्र्याला नुसत्या विश्रांतीत दिवसाला साधारण २३५ किलोकॅलरी लागतात. तूप लावलेली एक मध्यम पोळी शंभराच्या वर जाते. आजोबांच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं, आईच्या हातची पोळी, मुलांच्या ताटातला पनीरचा तुकडा हे सगळे वेगवेगळे हात असतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपण थोडंसंच दिलं. घरातल्या सगळ्यांना एकदा बोलावून हा हिशेब कागदावर मांडून द्यावा. नसबंदीचा सल्लाही या जातीत घाईने देऊ नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या डॅशहंडांत गादीच्या त्रासाचं प्रमाण जास्त दिसलं. थांबता येत असेल तर थांबावं.

पैदास करणाऱ्यांशीही आपल्याला बोलावंच लागेल. डेन्मार्क, फिनलंडमध्ये पैदाशीच्या डॅशहंडाच्या पाठीचा एक्स-रे दोन ते चार वर्षांच्या वयात काढतात आणि चुना साठलेल्या गाद्या मोजतात. चुना साठण्याचा हा गुण मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. पाच किंवा जास्त गाद्या दिसल्या तर त्या कुत्र्याची पिल्लं घेऊ नयेत, असा संकेत आहे. यासाठी एमआरआय लागत नाही. शांत झोपवलेला कुत्रा आणि नीट पोझिशन केलेला साधा एक्स-रे पुरतो, आणि तो आपल्या तालुक्याच्या गावीही निघतो. आपल्याकडे जोडी लावण्याआधी सल्ला घ्यायला येणारे थोडे असतील, पण येतात. त्यांना हे सांगणं आपलंच काम आहे. त्याच भेटीत हेही सांगा की ठिपकेदार डॅपल नर आणि डॅपल मादी यांची जोडी लावू नका. त्यातून सरासरी दर चौथं पिल्लू दुहेरी डॅपल होतं आणि त्यात आंधळेपणा, बहिरेपणा येऊ शकतो.

आता त्या दिवसाबद्दल, ज्या दिवशी तो सोफ्याखाली जाऊन बसतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनने २०२२ मध्ये या आजारावर एकमताचं निवेदन काढलं. त्यात किमान चार आठवडे हालचाल बंद ठेवायला सांगितलं आहे आणि स्टेरॉइडची सरसकट शिफारस नाही. आपल्याकडे स्टेरॉइडचा हात लवकर सुटतो. त्याहून घातक म्हणजे, काल एका दवाखान्यात स्टेरॉइड झालेलं असतं आणि आज आपण वेदनाशामक देतो. या दोन्हींच्या जोडीने जठराला, आतड्याला भोक पडून कुत्रा दगावू शकतो. तेव्हा आधी काय दिलंय हे विचारल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. पाठ दुखते म्हणजे गादीच, हेही गृहीत धरू नका. गोचीड तापातही कुत्रा अंग आखडून बसतो, आणि शस्त्रक्रियेला पाठवायचा असेल तर प्लेटलेट्स आधीच बघितलेल्या बऱ्या.

"आराम" हा शब्द मी आता वापरत नाही. पिंजरा म्हणते. वळता येईल, आडवं होता येईल एवढाच, वर झाकण असलेला. लघवी-शीसाठी साखळीने बाहेर, पाच मिनिटांत परत आत. बरा वाटला तरी चार आठवडे. तारीख प्रिस्क्रिप्शनवर लिहून देते, कारण तिसऱ्या दिवशी तो कुईकुई करणार आणि घरातल्या कुणाचं तरी मन विरघळणार.

पाय गेलेला कुत्रा आला तर डीप पेन तपासताना एक चूक अजूनही होते. आर्टरी फोर्सेप्सने बोट दाबलं की पाय मागे ओढला जातो आणि आपल्यासकट सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण पाय ओढणं हा नुसता मज्जारज्जूचा प्रतिक्षेप आहे. मेंदूपर्यंत वेदना पोचली का, हे तोंडाकडे बघूनच कळतं. त्याने मान वळवली का, ओरडला का, चावायला आला का. वेदना कळत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्रे पुन्हा चालतात. कळत नसेल तर शस्त्रक्रिया करूनही अर्ध्याच्या आसपास चालतात, आणि दहातल्या एखाद्याचा मज्जारज्जू वरच्या दिशेने विरघळत जातो. पाठीच्या कातडीच्या थरथरीची सीमारेषा रोज पेनने आखून ठेवा. ती पुढे सरकायला लागली, तर घरच्यांना बसवून खरं बोलण्याची वेळ आली आहे.

माझ्या त्या पेशंटला वेदना कळत होत्या. शस्त्रक्रियेचा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता. पिंजरा आला, आणि घरातल्या आजी दवाखान्यात येऊन मूत्राशय दाबून रिकामं करायला शिकल्या. पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी तळवे ठेवून, हळू पण सलग दाब. पहिल्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते, तिसऱ्या दिवशी त्या माझ्यापेक्षा जास्त लघवी काढत होत्या. दिवसातून चार वेळा, रोज. पाचव्या आठवड्यात त्यांचा सकाळी सात वाजता फोन आला. त्यांनी हात लावण्याआधीच त्याने पिंजऱ्याबाहेर दोन पावलं टाकली होती, वाकडी, आणि कुंडीपाशी थांबून स्वतःची स्वतः लघवी केली होती.